बालगृहातून बाहेर पडताय? १८वा वाढदिवस यायच्या आधी एवढं करून ठेवा

हे बालगृहात वाढलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताई-दादांसाठी पण. मी बरीच वर्षं या कामात आहे आणि दरवर्षी तेच बघते, १८ पूर्ण झाले की निरोप समारंभ होतो, फोटो निघतात, आणि पंधरा दिवसांत फोन येतो की ताई, रूम कोणी देत नाहीये.

म्हणून तयारी १७व्या वाढदिवसालाच सुरू करा. आधी आधार कार्ड बघा, त्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? बहुतेक वेळा अधीक्षकांचा असतो, मग तुम्ही बाहेर पडलात, त्यांची बदली झाली, की ओटीपी कुणाच्या फोनवर जाणार आणि तुमचं बँकेचं काम कसं होणार? आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर टाकून घ्या. मतदार यादीचा फॉर्म ६ तर १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ पण भरता येतो. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, बालकल्याण समितीच्या (म्हणजे ज्या समितीने तुम्हाला बालगृहात पाठवलं तिच्या) आदेशाची प्रत, सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फाईल ऑफिसच्या कपाटात राहिली तर नंतर ती मिळवायला किती चकरा माराव्या लागतात ते मी पाहिलंय.

आता अनाथ प्रमाणपत्राचं. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसमार्फत पुढे जातो, वेळ लागतो, म्हणून आत असतानाच मागे लागा. आणि एक गोष्ट मुलांना कुणी नीट सांगतच नाही, संस्थेत राहणारी सगळी मुलं अनाथ नसतात. आई किंवा वडील हयात असतील तर हे प्रमाणपत्र मिळत नाही, पण म्हणून सगळंच संपलं असं नाही हं.

कारण अनुरक्षण म्हणून एक सोय आहे, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरची मदत, आणि त्याला अनाथ असण्याची अट नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये ती आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत मिळते, खास कारण असेल तर २३ पर्यंत पण वाढते. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये ठरलेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलं की "नंतर या" असंच ऐकायला मिळतं.

रूम शोधताना घरमालक पहिलं विचारतो गाव कुठलं, आई-वडील काय करतात. इथे पोरं गडबडतात, खोटं सांगतात आणि मग ते खोटं सांभाळत बसतात. तुमची सगळी कहाणी त्याला सांगायची काहीच गरज नाही, "मी हॉस्टेलवर राहून शिकलो, आता नोकरी करतो, ओळखीसाठी या ताईंशी बोला" एवढं पुरे, आणि तो फोन उचलणं हे आपलं, म्हणजे समाजकार्य करणाऱ्यांचं काम आहे. शक्य असेल तर पहिल्या वेळी सोबत जा. मी गेले तेव्हा घरमालकाचा आवाजच बदलला, आणि त्याचा मला आनंद नाही झाला, रागच आला, कारण त्या मुलात तर काहीच बदललं नव्हतं.

सगळ्यात अवघड भाग कागदांचा नाहीच. बारा-पंधरा वर्षं घंटेवर उठलेलं, घंटेवर जेवलेलं पोर, त्याला भाजी किती रुपयांची घ्यायची माहीत नसतं, आणि रात्री ताप आला तर कुणाला उठवायचं हेही माहीत नसतं. म्हणून बाहेर पडायच्या आधी सहा महिने त्याच्या हातात पैसे देऊन बाजारात पाठवा, चुकू दे. आधी बाहेर पडलेल्या दोन-तीन मोठ्या मुलांशी गाठ घालून द्या, जमलं तर एकाच रूमवर राहू देत. मन फारच खचलं तर १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि ताई-दादांनो, कॅलेंडरवर दिवाळी आत्ताच मार्क करून ठेवा. रूममेट गावाला जातात, मेस बंद असते, आणि आपला पोरगा चार दिवस एकटा खोलीत असतो. त्याला आधीच विचारा, जेवायला कुठे येतोस म्हणून.