कॉम्प्युटरजवळ जळका वास: उगम शोधण्याची पद्धत

डेस्कटॉप कॉम्प्युटर चालू असताना जळका वास आला, की बहुतेकांचा हात आधी कॅबिनेटच्या स्क्रूकडे जातो. वास्तविक तो तिथे सर्वांत शेवटी जायला हवा. भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डापर्यंत) वीज ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने शोध घेतल्यास वेळ वाचतो आणि धोकाही कमी होतो.

धूर दिसत असेल, तडतड ऐकू येत असेल किंवा प्लग हाताला चटका देत असेल, तर विंडोज रीतसर बंद करण्यात वेळ न घालवता भिंतीवरचे बटण बंद करावे. तेच बटण काळवंडलेले दिसल्यास त्याला हात न लावता घराचा मेन स्विच पाडावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल तर तोच वापरावा. नुसताच वास असेल तर फाइल जतन करून कॉम्प्युटर बंद करावा आणि प्लग उपसून ठेवावा. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: यूपीएस असल्यास भिंतीवरचे बटण बंद केल्याने कॉम्प्युटरचा वीजपुरवठा थांबत नाही, म्हणून यूपीएसही त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा लागतो.

त्यानंतर खोलीबाहेर जाऊन काही मिनिटे मोकळ्या हवेत थांबावे, कारण सतत वास घेत राहिल्याने नाक त्याला सरावते आणि तो कोठून येतो हे कळेनासे होते. बाहेर थांबले असता दुसरीही शंका फिटते. ऊसतोडीच्या हंगामात सांगलीच्या आसपासच्या गावांत शेतातले पाचट पेटवले जाते, कोठे गुऱ्हाळाची चूल धडधडत असते, आणि तो धूर खिडकीतून येऊन कॉम्प्युटरच्या पंख्यापाशी घुटमळला तर बिचाऱ्या यंत्रावर नाहक आळ येतो.

परत आल्यावर वासाचा प्रकार ओळखावा. बरेच दिवस बंद असलेला कॉम्प्युटर चालू केल्यावर थोडा वेळ येणारा आणि मग विरून जाणारा कोरडा, करपट वास बहुधा धुळीचा असतो. वायरवरचे पीव्हीसीचे आवरण तापले, की घशाला खवखव आणणारा उग्र वास येतो. सुक्या मासळीसारखा वास येत असेल आणि घरात मासळी नसेल, तर स्विच, सॉकेट किंवा प्लगचे कडक प्लास्टिक तापत असण्याची शक्यता मोठी असते. कपॅसिटर (सर्किटमधला वीज साठवणारा, छोट्या डबीसारखा भाग) फुटून त्यातला द्रव बाहेर आल्यावरही काहीसा असाच वास येतो. सडक्या अंड्यासारखा वास मात्र यूपीएसच्या बॅटरीचा. लेड-ॲसिड बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली, की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बाहेर पडू शकतो; त्यामुळे खिडक्या उघडून, यूपीएस बंद करून खोलीबाहेर पडावे आणि पुढचे काम जाणकारावर सोपवावे.

आता भिंतीकडे वळावे. घरातला साधा डेस्कटॉप ३०० वॅट वापरतो असे धरले, तरी २३० व्होल्टला तो सुमारे १.३ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटला तो भार मुळीच जड नाही. तरीही सॉकेट जळते, ते भारामुळे नव्हे तर ढिल्या जोडामुळे. पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी नीट चिकटली नाही, तर त्या जागी रोध वाढतो, उष्णता निर्माण होते, उष्णतेने पट्टी आणखी सैल होते आणि हे चक्र चालू राहते. सांगलीत या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत आणि दुकानांत कृष्णेचे पाणी शिरले, तिथे पाण्याखाली गेलेली सॉकेट नुसती वाळवून पुन्हा वापरात आणली असतील, तर त्यांच्या पट्ट्या गंजलेल्या असू शकतात. अशी सॉकेट वायरमनकडून बदलूनच घ्यावीत. प्लगच्या पिना काळ्या किंवा निळसर पडल्या असतील, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावे, कारण एकच बदलल्यास जुना भाग नव्याला खराब करतो. स्पाइक गार्डही (वाढीव व्होल्टेजपासून संरक्षण देणारा एक्स्टेन्शन बोर्ड) हुंगून पाहावा. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटून व्होल्टेज वाढले, तर त्यातला संरक्षक घटक स्वतः जळून उपकरणे वाचवू शकतो, आणि वरून स्पाइक गार्ड धडधाकट दिसतो. मॉनिटर आणि प्रिंटर वेगवेगळे तपासावेत.

एवढे करूनही उगम सापडला नाही, तरच कॅबिनेट उघडावे. सर्व वायरी काढून, यंत्र थंड होऊ देऊन, आधी मागच्या बाजूला एसएमपीएसच्या (आतल्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीपाशी नाक न्यावे. वास तिथेच तीव्र असेल, तर शोध संपला असे समजावे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, कारण त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो. जाळीतून टॉर्चचा प्रकाश टाकून पाहण्यास हरकत नाही. ऊब शोधत आत शिरलेली पाल जळालेली दिसणे यात काही नवल नाही. वास आलेला एसएमपीएस ‘एकदा लावून बघू’ म्हणून पुन्हा जोडण्यापेक्षा सरळ बदलावा. तो जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

एसएमपीएस निर्दोष वाटला, तर जोड तपासावेत: मदरबोर्डचा २४ पिनी, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी आणि ग्राफिक्स कार्डचा. प्लास्टिक पिवळसर किंवा वितळलेले दिसते का, हे पाहावे. एसएमपीएसच्या जुन्या मोलेक्स जोडावरून ड्राइव्हचा नवा साटा जोड काढून देणारे स्वस्त, ओतीव प्लास्टिकचे अडॅप्टर संशयितांच्या यादीत वरचे आहेत. आतल्या तारा एकमेकींना टेकून ते पेटल्याची उदाहरणे आहेत. मग प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. फुगलेला असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल, तर बोर्ड दुरुस्तीला द्यावा. प्रोसेसरवर सहसा संशय घेऊ नये, कारण आजचे प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच वेग कमी करतात आणि तरीही तापत राहिले तर यंत्र बंद पाडतात.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानांत किंवा गिरणीशेजारी असलेल्या यंत्रांत बारीक भुकटीचा थर साचतो, आणि पावसाळ्यात तो ओल धरून चिकट होतो. असे कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करावे आणि त्या वेळी पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवावीत. ओल वाटल्यास पूर्ण सुकेपर्यंत वीज जोडू नये.

दोष दूर केल्यानंतर पहिल्यांदा यंत्र चालू करताना ग्राफिक्स कार्ड आणि जादा ड्राइव्ह काढून ठेवावेत, बाजूचे झाकण उघडेच ठेवावे आणि एक हात भिंतीवरच्या बटणाजवळ असावा. वास आला नाही, तर यंत्र बंद करून, प्लग काढून एकेक भाग जोडत जावे. प्लास्टिकमध्ये मुरलेला जुना वास दोनेक दिवस रेंगाळतो; मात्र यंत्र बंद असताना मंद असणारा वास चालू केल्यावर वाढत गेला, तर तो नवा आहे असे समजून प्लग पुन्हा काढावा.