आयव्हीएफची इंजेक्शनं आत काय करतात आणि घरी कशी घ्यायची

आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची, इंजेक्शनं सुरू होणार म्हटलं की पहिली भीती हीच असते की एकदम इतकी एग्स (स्त्रीबीजं) वाढवून काढली तर साठा संपेल, पाळी लवकर जाईल. तसं काही होत नाही. काहीही औषध न घेता दर महिन्याला अंडाशयात बरीच छोटी फॉलिकल्स वाढायला तयार असतात, फॉलिकल म्हणजे पाण्याची बारीक पिशवी आणि प्रत्येकीत साधारण एक एग. त्यांना वाढवतं ते एफएसएच हार्मोन, ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. एक फॉलिकल पुढे निघालं आणि इस्ट्रोजेन सोडायला लागलं की एफएसएच कमी होतं, मग मागे राहिलेली तिथेच विरून जातात. इंजेक्शनातून बाहेरून एफएसएच मिळत राहिलं की ती पातळी खाली येत नाही आणि विरणारी फॉलिकल्सही वाढत राहतात, बस एवढंच. जी त्या महिन्यात वाया जाणारच होती तीच वाचतात.

म्हणूनच डोस दुप्पट केला म्हणून एग्स दुप्पट होत नाहीत. सुरुवातीच्या सोनोग्राफीत दिसलेली छोटी फॉलिकल्स, एएमएच (किती एग्स शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), वय, वजन हे बघून डॉक्टर डोस ठरवतात, बहुतेकदा रोज 150 ते 300 युनिटच्या आसपास. मैत्रिणीला जास्त होता आणि मला कमी का, असली तुलना करू नका, पीसीओएस (अंडाशयात खूप जास्त छोटी फॉलिकल्स असण्याचा त्रास) असेल तर मुद्दामच कमी देतात.

सुरुवात साधारण पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि 8 ते 14 दिवस चालते. मधे मधे सोनोग्राफी, कधी रक्तातलं इस्ट्रोजेनही बघतात. पाच-सहा दिवसांनी बऱ्याच जणींना दुसरं एक इंजेक्शन जोडतात, सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स, ते शरीराला स्वतःहून एग्स आधीच सोडण्यापासून थांबवतं. हे चालू झालं म्हणून पहिलं आपलं आपण बंद करायचं नाही, दोन्हीची कामं वेगळी आहेत.

आता टोचायचं कसं. पहिल्यांदा नर्ससमोर करून बघा म्हणजे भीती अर्धी जाते. हात साबणाने धुवा, औषधाचं नाव आणि डोस वाचा, पेन असेल तर नवीन सुई लावून आकडा फिरवून परत एकदा बघा. पावडरची बाटली असेल तर सोबतचं पाणी घालून हळूच फिरवायची, जोरात हलवायची नाही. जागा म्हणजे पोट, बेंबीपासून दोन बोटं लांब, रोज बाजू बदलायची. जागा स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण वाळू द्या, नाहीतर जास्त झोंबतं. चिमटीत कातडी धरा, सुई सरळ आत घाला, औषध हळू ढकला, पेन असेल तर बटण दाबून दहापर्यंत मोजा आणि मगच बाहेर काढा. थोडं रक्त आलं किंवा निळसर डाग पडला तर घाबरू नका, फक्त चोळू नका. फ्रिजमधे ठेवायला सांगितलेलं औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवा, फ्रीजरमधे कधीच नाही. रोज ठरलेल्या वेळेलाच घ्या, आणि एखादा डोस राहिला तर दोन एकदम घेऊ नका, क्लिनिकला फोन करा.

पण एवढ्या सगळ्यात ज्याची वेळ खरंच मिनिटाला धरून पाळायची ते म्हणजे ट्रिगर, शेवटचं इंजेक्शन. दोन-तीन फॉलिकल्स 17-18 मिलिमीटरची झाली की ते देतात, एग्स शेवटच्या टप्प्यात त्यानेच पिकतात. पिकअप, म्हणजे एग्स बाहेर काढणं, त्यानंतर 34 ते 36 तासांनी असतो, म्हणजे सोमवारी रात्री 10 ला घेतलं तर बुधवारी सकाळी 8 ते 10. उशीर झाला तर लपवू नका, खरी वेळ सांगा, ते पिकअप पुढे ढकलू शकतात. आणि एचसीजीचं (प्रेग्नन्सी टेस्ट जे हार्मोन शोधते त्याचं) ट्रिगर असेल तर नंतर काही दिवस घरची प्रेग्नन्सी टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे उगाच किट्स घेऊन बसू नका.

शेवटच्या दिवसांत पोट जड वाटतं, कपडे घट्ट होतात, कारण अंडाशय खरंच मोठी झालेली असतात. चाला, पण धावणं, उड्या, जड उचलणं नको, अंडाशयाला पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक जोरात दुखलं तर लगेच दवाखाना. वजन एका दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात किंवा धाप लागली तर ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन, म्हणजे इंजेक्शनांना अंडाशयांनी गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देणं, असू शकतं, हे पिकअपनंतरही होतं आणि गर्भ राहिला तर लांबतं. रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका.