देवदाराखाली सोलापूरची सवय चालत नाही: उंचावर तंबू टाकताना या चुका टाळा

आम्हा पाच जणांत थंडीची सगळ्यात जास्त टर उडवणारा मेव्हणा रात्री अडीच वाजता बुटांसकट स्लीपिंग बॅगेत उठून बसला होता. "काय बे, सकाळ कधी होणार?" एवढंच विचारत होता. ऑक्टोबरचा महिना, उत्तराखंडातलं सांकरी गाव खाली सोडून केदारकांठा शिखराच्या वाटेवर जुडा का तालाबजवळ पडलेला मुक्काम, उंची साधारण २७०० मीटर. नळ नाही, संडास नाही, लाइट नाही. जमीन, झाडं आणि थोडं खाली वाहणारा ओढा, एवढाच संसार.

त्यानंतर दोनदा गेलो, इतरांनाही पाठवलं. आपल्याकडची माणसं तिथं ज्या चुका करतात त्या बावळटपणाच्या नसतात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जाणाऱ्या गावात जे वागणं शहाणपणाचं असतं, तेच आपण तिथं नेतो. सुती कपडे, सावली बघून बसणं, तहान लागली की पाणी, ओढ्याकाठी बिऱ्हाड. तिथं यातलं जवळजवळ सगळं उलटं पडतं.

रात्री पाठ गार पडते, वर कितीही पांघरलं तरी

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि उपाय म्हणून लोक वर आणखी एक चादर घेतात. गारठा येतो खालून. स्लीपिंग बॅगेतले कृत्रिम तंतू किंवा पिसं तुमच्या वजनाखाली दबली की त्यांच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरते ती हवाच. म्हणून पाठीखाली जाड फोमची मॅट हवीच. पैसे कमी असतील तर बॅग थोडी स्वस्तातली घ्या, पण मॅटमध्ये काटकसर नको. मेव्हण्यानं नेमकं उलटं केलं होतं: महागडी बॅग, आणि खाली लग्नाच्या मांडवात अंथरतात तसली प्लास्टिकची चटई.

गंमत अशी की हे आपल्याला माहीत होतं. मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या राखणीला शेतात झोपणारी माणसं आधी कडब्याच्या पेंढ्या पसरायची, त्यावर घोंगडं टाकायची आणि मग आडवी व्हायची. माझे आजोबा असंच झोपायचे. कडब्यात हवा अडकते, घोंगडं लोकरीचं असतं आणि दमट झालं तरी ऊब सोडत नाही. शहरात फॅनखाली गार फरशीवर झोपून झोपून आपण ते विसरलो.

आता चादरीबद्दल, थोडं जपून बोलतो. सोलापुरी चादर मी रेल्वेत नेतो, पुढंही नेईन. पण ती सुती आहे. सुती कापड ओल धरतं आणि ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. बनियनपासून मोज्यांपर्यंत तेच. चढताना घामानं भिजलेलं सुती बनियन मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटांत बर्फासारखं लागतं. पोचल्या पोचल्या, चहाच्या आधी, अंगालगतचे कपडे बदला. लोकरीचे कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा, ते घालून चालायचं नाही. स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं छापलेली असली तर आरामाचं म्हणून दिलेलं तापमान बघून घ्या. दुसऱ्या आकड्याला माणूस कुडकुडत रात्र काढतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि बूट घालून झोपू नका. दिवसभराच्या घामानं ते आतून ओले असतात, पाय आणखी गारठतात. अडीच वाजता मेव्हण्याचे बूट काढले, कोरडे मोजे चढवले, बाटलीत गरम पाणी भरून बॅगेत दिली. वीस मिनिटांत घोरायला लागला.

तंबू आतून गळतोय

पाऊस नाही, तरी सकाळी छतावरून थेंब पडतात. दुकानदारानं फसवलं असं वाटतं. पण ते पाणी आपलंच असतं, रात्रभराच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमलेली. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या चेन बंद करतो आणि वाफ आत कोंडतो. वरची झडप आणि दाराची वरची फट उघडी ठेवा. थोडा गारवा आत येईल, पण बॅग कोरडी राहील, आणि कोरड्या बॅगेत थंडी कमी वाजते. ओले कपडे आत वाळत घालू नका.

याच कोंडण्याचा दुसरा प्रकार जिवावर बेततो. तंबूत शेगडी पेटवणं किंवा निखाऱ्यांची घमेली आत घेणं, "जरा वेळ" म्हणूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि उंचीवर डोकं तसंही दुखत असल्यामुळं कुणाला शंकाही येत नाही. पाऊस असेल तर त्या रात्री कोरडं खा.

जागा निवडताना

उन्हातून आलेला सोलापूरकर दाट झाड आणि जवळ पाणी बघतो. आम्हीही ओढ्याच्या काठची सपाट जागा धरली होती. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली सरकते आणि ओढ्याच्या खोलगटात साचते. पन्नास पावलं वर, किंचित उंच जागी तंबू असता तर रात्र वेगळी गेली असती. पाणी चढलं तर काठावरचा तंबू धोक्यात येतो तो मुद्दा वेगळाच. पूर्वेकडं मोकळं असलेलं ठिकाण बघा, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन तंबूवर पडेल. त्या उन्हाची किंमत तिथं एक रात्र काढल्यावर कळते.

तंबू ठोकण्याआधी मान वर करा. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी वाऱ्याच्या एका झोतानं खाली येते. ढग गडगडायला लागले तर एकट्या उंच झाडापासून लांब राहा. आणि झाडाला टेकून बसू नका, राळ लागते. हाताला लागली तर आधी खायचं तेल चोळून मग साबण लावा. पँटला लागली तर ती पँट आठवण म्हणून ठेवा.

शेकोटी

झाडाखाली सुयांची, म्हणजे सुईसारख्या पानांची, गादी असते. डोंगराच्या खालच्या अंगाला, साधारण २००० मीटरपर्यंत चीड नावाचं पाइनचं झाड, त्याच्या सुया तीन-तीनच्या झुबक्यात. त्याहून वर कैल, तोही पाइनच, सुया पाच-पाचच्या झुबक्यात, आणि सोबत देवदार. चिडाच्या वाळल्या सुयांना तिथं पिरूळ म्हणतात. तेलकट आणि हलक्या असल्यामुळं त्या एका ठिणगीत भडकतात. उत्तराखंडात फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम धरतात. आपल्या उन्हाळी सुट्ट्या नेमक्या त्यात येतात.

हुरडा पार्टीची आगटी डोळ्यापुढं ठेवून आपण तिथं शेकोटी मांडतो. आपल्या रानात काळी माती असते, राख ढकलली की संपलं. तिथं सुयांचा थर खोल असतो आणि आग त्याच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहते, आपण निघून गेल्यावरही. माझं मत सांगतो, इतरांना पटत नाही: शेकोटी करूच नका. आमच्याबरोबरचा गाववाला तर "सूखी पत्ती पे आग नहीं, साहब" एवढं बोलून काडेपेटी खिशात घालायचा. परवानगीच्या जागी, आधीच्याच काळ्या दगडांत केलीत, तर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता आणि राखेवर हात ठेवून बघा. हाताला गरम लागली तर ती विझलेली नाही. गॅसची शेगडीही सुया बाजूला सारून मोकळ्या मातीवर किंवा सपाट दगडावर मांडा.

डाळ शिजत नाही, गॅस मंद जळतो

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या वर उकळतं. २७०० मीटरवर ते ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे तेच, उष्णता कमी. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटते आणि दाताखाली करकरीतच राहते. आम्ही अर्धा डबा गॅस त्या डाळीवर जाळला आणि शेवटी ते पाणी डाळ म्हणून प्यालो. छोटा प्रेशर कुकर न्या, नाहीतर डाळीचा हट्ट सोडा. भिजवलेली मूगडाळ, पोहे, शेवया चालतात.

आपल्याकडं यापेक्षा चांगली सोय आहे. कडक भाकरी. दिवसचे दिवस टिकते, वजनाला हलकी, शिजवायचं काही नाही. रात्री गरम आमटीत चुरून खाल्ली की पोट भरतं आणि अंगात ऊबही राहते. शेंगाचटणीबद्दल सांगायची गरज नाही, फक्त डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि तंबूत ठेवू नका. आमचा डबा पहिल्याच रात्री गावातून मागं आलेल्या कुत्र्यानं लांबवला. ते कुत्रं होतं हे नशीब, त्या जंगलात अस्वलही असतं. खायचं सगळं एका पिशवीत घालून तंबूपासून लांब, फांदीला उंच टांगा.

गॅस मंद जळत असेल तर डब्यात कोणता वायू आहे ते वाचा. साधं ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतं, डबा हलवला तर आत द्रव खुळखुळतो पण ज्योत येत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या, रात्री तो स्लीपिंग बॅगेच्या पायथ्याशी ठेवा. लायटरही गारठतो, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा. मात्र गॅसचा डबा सोलापुरातून घेऊन कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये चढू नका. रेल्वेत गॅस आणि शेगडी न्यायला बंदी आहे, विमानात डबा अजिबातच नाही. डबा देहरादूनला घ्या. पुढं सांकरीपर्यंत २०० किलोमीटरचा घाट आहे आणि वाटेतल्या दुकानांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय

२७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी असतो. आपण रेल्वेतून उतरतो, गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी चढायला लागतो. सांकरीला, म्हणजे १९०० मीटरच्या आसपास, एक रात्र काढाच. सुट्टी वाचवायला लोक हीच रात्र कापतात.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंची लागल्याची लक्षणं. असं वाटलं की वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही वर्ज्य. वाढत गेलं तर खाली उतरा, ३०० ते ५०० मीटर उतरल्यानंही फरक पडतो. बसल्या जागी दम लागत असेल, माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल किंवा बोलणं विसंगत होत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली न्यायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, मित्राच्या पाकिटातली घेऊ नका.

आणि पाणी. सोलापुरात घाम आठवण करून देतो. तिथं घाम दिसत नाही, तहान लागत नाही, पण कोरड्या गार हवेत नुसत्या श्वासातून पाणी जात राहतं. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे उशीर झाला.

ओढा

ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसतं म्हणून ओंजळीनं पिऊ नका, वरच्या अंगाला खेचरं आणि मेंढ्या असतात. २००० मीटरच्या वर पाणी पूर्ण उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळू द्या. जिआर्डियासारख्या जंतूचा त्रास आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होतो. तोवर आपण घरी पोचलेलो असतो आणि दोष स्टेशनवरच्या वड्याला मिळतो.

दुसरी सवय टमरेल घेऊन ओढ्याकडं जायची. तिथं ओढ्याकडं पाठ करून जायचं. पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, काम झालं की माती. कागद पिशवीत घालून परत आणायचा. खुरपं घरूनच न्या.

परवानगीचं थोडक्यात: सांकरीपुढचं जंगल गोविंद अभयारण्यात येतं, वनखात्याची परवानगी काढूनच जा. झाडं संपतात तिथून वर जी कुरणं लागतात, त्या बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बंदी घातली आहे. फोटोत तिथं तंबू किती छान दिसतो ते बघून जाऊ नका.

घरी आल्यावर

निघण्याच्या सकाळी तंबू दवानं ओला असतो आणि गाडी गाठायची घाई असते. तसाच गुंडाळून दोन रात्री रेल्वेत राहिला की बुरशी धरते, आणि तो वास पुढच्या वर्षीही जात नाही. घरी पोचल्यावर आंघोळीच्या आधी गच्चीवर उलगडा. पण आपलं ऊन कडक आहे, नायलॉनचं कापड दिवसभर त्यात तापलं तर कुजतं, म्हणून सावलीत, दोरीवर. आमचा तंबू झटकला तेव्हा कोपऱ्यातून मूठभर पाच-पाच सुयांचे झुबके पडले. आईनं एक उचलून वास घेतला आणि विचारलं, हे धुपात टाकायचं की काय?