फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज कसं वाढवायचं

फोर बाय फोर पिकअपचं ॲव्हरेज घसरलं की गाडी थेट गॅरेजला जाते आणि तिथे पहिल्यांदा बॉनेट उघडलं जातं. नोझल, पंप, ट्यूनिंग यांवर पैसे जातात आणि पुढच्या टाकीला आकडा होता तिथेच असतो. बहुतेक वेळा इंजिनाचा काही दोष नसतो. न सुटलेला पुढचा एक्सल, धरून राहिलेला ब्रेक, कमी हवेचे टायर आणि समोरून रेटणारा वारा यांना ओढण्यात डिझेल जातं. म्हणून आधी गाडी मोकळी फिरते का ते बघायचं आणि इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तो इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स, टाटा झेनॉन, महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे, बोलेरो कॅम्पर फोर डब्ल्यूडी अशा डिझेल, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागच्या चाकांवर चालणाऱ्या, गरजेला पुढचीही चाकं जोडता येणाऱ्या) गाड्यांसाठी आहे.

आधी नीट मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा फक्त कल कळण्यापुरता. खरं ॲव्हरेज टाकी ते टाकी काढायचं. एकाच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत डिझेल भरा. डिझेलला फेस येतो आणि नोझल लवकर बंद पडतं, म्हणून मिनिटभर थांबून पुन्हा एकदा भरू द्या आणि दुसऱ्यांदा बंद पडलं की थांबा. तोंडापर्यंत ठासून भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान ३००-४०० किलोमीटर चालवा आणि त्याच पद्धतीने पुन्हा टाकी फुल करा. ४२० किलोमीटरला ३५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १२. असं सलग तीन टाक्या करा. एका टाकीत घाट, दुसरीत शहर, तिसरीत माल असं असेल तर आकडे हलणारच, म्हणून वहीत भार आणि रस्ताही लिहा.

इथेच एक हिशेब चुकतो. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले की चाकाचे फेरे कमी होतात आणि मीटर कमी अंतर दाखवतो. २५५/६० आर १८ टायरचा व्यास साधारण ७६३ मिलिमीटर, २६५/६५ आर १८ चा ८०२. फरक ५ टक्क्यांचा. मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी जवळपास १०५ गेलेली असते. टायर बदलल्यावर 'ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने पडलं' अशी जी तक्रार येते, तिच्यातला मोठा भाग हा मीटरचा असतो. सरळ हायवेवर ५० किलोमीटर जाऊन फोनच्या जीपीएसशी मीटर ताडून बघा आणि निघेल त्या गुणकाने हिशेब दुरुस्त करा.

पुढचा एक्सल खरंच सुटतो का?

या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतं. फोर एच (चारही चाकांना ताकद) लावलं की एक्सलना ताकद नेणारे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत टायर थोडा घसरतो आणि फरक निघून जातो. डांबरावर किंवा काँक्रीटवर तो निघायला जागा नसते. मग गिअर, शाफ्ट आणि क्रॉस यांच्यात ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, यू टर्नला गाडी उड्या मारल्यासारखी अडखळते आणि टायर घासले जातात. डिझेल तर जातंच, ट्रान्सफर केसचं (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) कामही निघतं. त्यामुळे फोर एच फक्त चिखल, वाळू, सैल खडी यांसाठी. पावसाने ओला झालेला डांबरी रस्ताही त्यात धरू नका.

डांबरावर परत आलात की लगेच टू एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) करा. लिव्हर निघत नसेल किंवा दिवा विझत नसेल तर जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या. साठलेला ताण सुटतो आणि दात मोकळे होतात.

आता मुख्य तपासणी. टू एच लावलं म्हणजे पुढचा एक्सल सुटलाच असं नाही. काही गाड्यांत पुढच्या डिफरन्शियलजवळ व्हॅक्यूमवर किंवा मोटरवर चालणारा, एक्सल सोडवणारा डिसकनेक्ट असतो. चिखल-पाण्याने तो जाम होतो, किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी फुटते. जुन्या जीप-वळणाच्या गाड्यांत हबवर फिरवायची चकती असते आणि ती 'लॉक'वरच राहून जाते. अशा वेळी अर्धे शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट बिनकामाचे फिरत राहतात.

तपासायचं असं: सपाट, टणक जमिनीवर गाडी उभी करा, टू एच लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडवायचे ठोकळे) लावा. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून चॅसीखाली घोड्या (जॅक स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही डोकं घालू नये. दोघांनी दोन्ही चाकं एकाच वेळी, एकाच दिशेने फिरवा आणि तिसऱ्याने बाहेरूनच पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे बघावं. एकच चाक फिरवून काही कळत नाही, कारण डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला उलटं फिरवतं आणि शाफ्ट जागेवरच राहतो. दोन्ही चाकांबरोबर शाफ्टही फिरला, तर डिसकनेक्ट सुटत नाहीये. आधी नळी आणि वायरिंगचा कनेक्टर बघा, ॲक्च्युएटर (डिसकनेक्ट हलवणारा भाग) बदलण्याची वेळ त्यानंतर येते.

उलट बाजूही सांभाळा. पुढचं सगळं महिनोन्महिने थांबूनच राहिलं तर ऑईल तळाला बसतं आणि सील कोरडे पडतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फोर एच चालवा. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर दोन्ही डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑईल तपासा. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, लगेच बदला.

ब्रेक आणि हवा

गाडी घोड्यांवर आहेच, तर पुढची चाकं एकेक करून हाताने फिरवा. पॅडची हलकी घासट चालते. चाक अर्ध्या फेरीतच थांबत असेल तर बहुधा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना सुकल्या आहेत. त्या काढून, साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. मागे बहुतेकांना ड्रम असतात आणि तिथे हँडब्रेकची केबल गंजून अर्धी ओढलेली राहते. रस्त्यावर ओळखायचं तर दहा-पंधरा किलोमीटर कमी ब्रेक मारून चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजतं. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं की तोच ब्रेक धरतोय.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पिकअपला मागच्या टायरांसाठी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. माल उतरवला की हवा कमी करावी लागते आणि भरला की वाढवावी लागते, हे पुष्कळ जण करत नाहीत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. पंक्चरवाल्याच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचा गेज ठेवा. प्रत्येक १ पीएसआय कमी हवेला साधारण ०.२ टक्के इंधन जास्त लागतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चिखल-वाळूसाठी हवा १८-२० पर्यंत उतरवून तशीच गाडी हायवेला आणली तर नुकसान ३ टक्क्यांच्या आसपास जातं. त्याहून वाईट म्हणजे टायर तापून फुटतो. हवा उतरवणाऱ्याने १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत ठेवलाच पाहिजे.

टायर निवडताना स्वतःला खरं विचारा, महिन्यातले किती किलोमीटर खरंच चिखलात जातात? मड-टेरेन टायर जड असतात, त्यांचे मोठे ठोकळे डांबरावर वाकत-उलगडत राहतात आणि त्यात ऊर्जा जाते. बहुतेक कामाला हायवे टायर किंवा सौम्य ऑल-टेरेन पुरतात. अलाइनमेंटसाठी पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडला आहे, म्हणजे चाकं सतत थोडी तिरकी घासत चालली आहेत. सस्पेन्शन उंच केल्यावर अलाइनमेंट न करता चालवणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

वारा

पिकअप उंच आणि चौकोनी. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने गेलात तर ९० च्या तुलनेत वाऱ्याचा रेटा जवळपास ७८ टक्के जास्त असतो. १०० किलोमीटरमागे वाचतात साधारण १७ मिनिटं. खर्च न करता, पान्याला हात न लावता सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे: ८० ते ९० च्या दरम्यान एकसारखा वेग धरा.

छतावरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा, त्यावरच्या लाइट बारसकट. बंपरपुढचा लोखंडी बुल बार काढाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि एअरबॅगच्या कामातही तो अडथळा आणू शकतो. हौद्यावर घट्ट बसणारं कव्हर लावल्याने हायवेवर थोडा फायदा होतो. फडफडणारी ताडपत्री मात्र उलट काम करते. फाळका पाडून चालवल्याने ॲव्हरेज वाढतं हा समज चुकीचा आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते. फाळका पाडला की तो मोडतो.

हौद्यात कायम पडून असलेली साखळी, दुसरी स्टेपनी, वाळूची पोती काढा. गाडीच दोन टनांच्या आसपास असते, त्यामुळे सपाट हायवेला ५० किलोने फारसं बिघडत नाही. पण शहरातल्या थांब-चालीत आणि घाटात तेच वजन पुन्हा पुन्हा वर ओढावं लागतं.

पाय आणि गिअर

टर्बो डिझेलची ओढ खालच्या आरपीएमला असते. व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनाचा पूर्ण ३६० न्यूटन-मीटर टॉर्क २००० ते २५०० आरपीएमला मिळतो. म्हणून सपाटीवर २००० च्या आसपास गिअर बदला, त्यापलीकडे ताणण्यात काही हशील नाही. घाटात मात्र उलट चूक होते. ॲव्हरेजच्या नादात चौथ्या गिअरला १२००-१३०० वर इंजिन घुसमटत ठेवलं जातं. तिथे धूर वाढतो आणि काजळी साठते. एक गिअर खाली घ्या.

उताराला न्यूट्रल कधीही नको. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की कॉमन रेल इंजिनात डिझेल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतच राहतं, वर सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरचे अपघात सगळ्यांना माहीत आहेत. त्यात न्यूट्रलमध्ये सोडलेली जड वाहनं वारंवार आढळली आहेत.

सकाळी पाच-दहा मिनिटं इंजिन तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटाने निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवा. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवणं योग्यच, पण घाट चढून आल्यावर, टर्बो निवण्यासाठी.

इतकं करूनही आकडा हलला नाही तर

आता बॉनेट उघडा. पहिल्यांदा इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप बघा. सांध्यावर ऑईलचा ओलावा, जोर दिल्यावर 'स्स्स' आवाज, काळा धूर आणि ओढ कमी, ही हवा गळतीची लक्षणं आहेत. क्लिप सैल असेल तर काम दहा मिनिटांचं. एअर फिल्टरला कॉम्प्रेसरचा फवारा मारायचाच तर आतून बाहेर आणि हलका. बाहेरून जोरात मारला तर धूळ कागदात रुतते आणि कागद फाटतो. धुळीच्या भागात फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा लागतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का, हे जुन्या गाडीत जरूर तपासा. 'इंजिन थंड राहतं' म्हणून तो काढून टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. इंजिनाला पूर्ण तापमान मिळालं नाही तर ऑईल जाड राहतं आणि डिझेल जास्त दिलं जातं. पंधरा मिनिटं चालवूनही काटा खालीच असेल तर शंका घ्या. पंखा गरजेपुरताच जोडणारा व्हिस्कस क्लच जाम झाला असेल तर पंखा सतत घोंघावतो आणि इंजिनाची ताकद खातो. सुरू केल्यावरची पहिली मिनिटं सोडून, इंजिन थंड असतानाही आरपीएमबरोबर घोंघाट वाढतच गेला तर क्लच बदला.

बीएस ६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, डीपीएफकडे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरकडे, लक्ष हवं. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या केल्या की काजळी साठते. ती जाळायला गाडी जादा डिझेल टाकते, आणि मध्येच इंजिन बंद केलं तर तेच पुन्हा पुन्हा होतं. आयडल थोडा चढलेला, पंखा जोरात, गरम वास, अशी लक्षणं दिसली तर काम पुरं होईपर्यंत चालवत राहा. आठवड्यातून एकदा २०-३० मिनिटं ताशी ६० च्या वर, २००० आरपीएमच्या आसपास नेलं की फिल्टर साफ राहतो. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप चढली असेल तर न जळलेलं डिझेल त्यात मिसळलं आहे. ऑईल बदला, आणि ते पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं व डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घाला.

नळीवरचे चुंबक आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांवर पैसे घालू नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं तर पंप आणि इंजेक्टरचं वंगण जातं, आणि त्यांच्या दुरुस्तीचं बिल कित्येक टाक्यांच्या बचतीपेक्षा मोठं असतं. एका वेळी एकच बदल करा, त्यानंतर पुन्हा तीन टाक्या मोजा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.