गरोदरपणातला आहार आणि मुलाची शाळा : या चुका टाळा

पाळी चुकली, तपासणी झाली, मग डॉक्टर आणि मग गोळ्या. हा क्रम बहुतेकांना बरोबर वाटतो, पण फॉलिक ॲसिडसाठी तो उशिराचा आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती नीट मिटायला हे जीवनसत्त्व लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावं आणि पहिले १२ आठवडे चालू ठेवावं. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. सुरुवात राहून गेली असेल तर आज करा, पण भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नका.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आयोडीनची, कारण त्याची कमतरता आईला जाणवतच नाही. पहिले काही महिने बाळाची थायरॉइड ग्रंथी काम करत नसते. मेंदूच्या घडणीला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर गरोदरपणी आयोडीन कमी पडलेल्या मातांची मुलं नवव्या वर्षी शुद्धलेखनात मागे दिसली. पुढे त्या मुलांना स्वतःला पुरेसं आयोडीन मिळत होतं, तरीही. ब्रिटनमध्ये सुमारे हजार मातांच्या अभ्यासात (२०१३) मुलांच्या वाचनात असाच फरक आढळला. म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं मीठ आणण्याआधी त्यात आयोडीन आहे का ते पाहा. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं असेल, तर आयोडीनचं काय करायचं हेही विचारून घ्या. थायरॉइडचा त्रास असेल तर स्वतःहून आयोडीनची गोळी नको.

लोहाच्या गोळ्या घेतल्या जातात, पण चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत. दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये दोनेक तास जाऊ द्या आणि गोळी आंबट फळाबरोबर घ्या. शौचाला काळी होते म्हणून घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री घेऊन पाहा किंवा गोळी बदलून मागा, पण परस्पर बंद करू नका. नेपाळमध्ये गरोदरपणी लोह आणि फॉलिक ॲसिड मिळालेल्या मातांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर स्मरणाच्या काही चाचण्यांत सरस ठरली.

“दोन जिवांची आहेस, दोघांचं खा” हे मायेपोटी म्हटलं जातं. प्रत्यक्षात पहिल्या तिमाहीत जादा उष्मांक जवळजवळ लागत नाहीत आणि शेवटच्या तिमाहीतही रोज साधारण ४५० जादा पुरतात.

‘हुशार बाळा’साठीच्या ओमेगा-३ (माशाच्या तेलातला स्निग्ध घटक) कॅप्सूलवर भिस्त ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत मुलं सात वर्षांची झाली तेव्हा बुद्ध्यांकात फरक दिसला नाही.

आणि एक चूक घरातले लोक करतात. मूल अभ्यासात मागे पडलं की आईचं गरोदरपण उकरून काढतात. नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेली मुलं १९ व्या वर्षी सैन्यभरतीच्या बुद्धिचाचणीत इतरांपेक्षा कमी भरली नाहीत. इंडोनेशियातल्या एका अभ्यासात तर मुलांच्या बुद्धीच्या वाढीशी गर्भारपणातल्या गोळ्यांपेक्षा घरच्या वातावरणाचा संबंध जास्त दिसला. तेव्हा वाचन अडत असेल तर मुलाचे डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा.