ब्रेक लाईट लागत नाही? स्कूटर उघडण्याआधीची तयारी

इंडिकेटर किंवा ब्रेक लाईट बिघडली की आपण आधी दुकानातून बल्ब आणतो आणि मग गाडी बघतो. क्रम उलटा करा. संध्याकाळी अंधारून आलं की गाडीची पाठ भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे करून डबल स्टँडवर लावा. मागचा उजेड आरशात दिसतो, त्यामुळे "लागला का रे?" असं ओरडून विचारायला कोणी लागत नाही. इथे गिअरलेस स्कूटर धरून लिहितोय. मोटरसायकलचा मागचा ब्रेक पायात असतो आणि त्याचा स्विच पेडलजवळ स्प्रिंगला अडकवलेला असतो, एवढं ध्यानात ठेवलं की बाकी सगळं लागू पडतं.

किल्ली फिरवा आणि आधी हॉर्न वाजवा. तो घोगरा निघाला तर बॅटरी उतरलीय, पुढचं सगळं ती चार्ज झाल्यावर. हॉर्न ठणठणीत असेल तर डावा ब्रेक दाबा, सोडा, मग उजवा दाबा. एकाने लाईट लागते आणि दुसऱ्याने नाही, तर बल्ब ठीक आहे आणि त्या लिव्हरखालचा छोटा स्विच गेलाय किंवा त्याची पिन निसटलीय. दोन्हींनी लागत नसेल तर ब्रेक दाबून सेल्फ मारा. बहुतेक स्कूटर ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि ती खबर देणारा स्विच बहुधा ब्रेक लाईटचाच असतो. सेल्फ लागला म्हणजे स्विच निर्दोष. दोष मागे, बल्ब, होल्डर किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरमध्ये.

इंडिकेटर दोन्ही बाजूंचे लावून बघा. एकच बाजू घाईघाईने फडफडत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब उडालेला असतो. दोन्ही बाजू मेलेल्या असतील तर फ्यूज, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) किंवा हँडलवरचा स्विच. आणि ब्रेक दाबल्यावर टेल लॅम्प मंद होऊन इंडिकेटर अर्धवट पेटत असेल तर गोंधळून जाऊ नका, अर्थची वायर सुटल्याची ही पक्की खूण आहे. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बातून वाट काढतो. दिसेल ते मोबाईलवर शूट करून ठेवा.

आता सामान. स्टार पेचकस, आठ आणि दहा नंबरचे पाने, स्क्रू ठेवायला वाटी, बारीक पॉलिश पेपर, सुकं फडकं, इन्सुलेशन टेप, थोडी पेट्रोलियम जेली आणि साधा मल्टिमीटर. बल्ब मात्र जुना काढून, त्याच्या पितळी बुडावरचा आकडा वाचूनच आणायचा. मागचा सहसा 12 व्होल्ट, 21/5 वॉटचा: पाच वॉटची तार टेल लॅम्पची, एकवीसची ब्रेकची. टेल लॅम्प जळतोय म्हणून बल्ब चांगला, हा समज इथेच फसतो. या बल्बाच्या दोन खुंट्या वरखाली असतात. दाबून उलटा बसवला तर टेल लॅम्प भगभगतो आणि ब्रेकला उजेड पडतच नाही म्हणावं इतका कमी वाढतो. दुचाकीचा इंडिकेटर बहुतेक 10 वॉटचा. तिथे कारचा 21 वॉटचा बसवाल तर प्लास्टिक तापून वाकेल. नव्या गाड्यांत मागे एलईडीचा अख्खा संच असतो, त्यात बदलायला बल्बच नसतो.

होल्डर नीट बघा. एका पावसाळ्यात तळाच्या टोकांवर हिरवट कीट चढतं, स्प्रिंग आत बसून राहते. नवा बल्बही तिथे पेटत नाही आणि दुकानदाराला शिव्या बसतात. घासण्याआधी मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन होल्डरच्या टोकावर, ब्रेक दाबलेला. बारा-साडेबारा दिसले तर करंट येतोय. मग काळी पिन होल्डरच्या पितळी अंगावर आणा. आकडा घसरला तर अर्थिंग खराब. वायरचे रंग आधी माहीत हवेत. होंडाच्या गाड्यांत हिरवी अर्थची, हिरवी-पिवळी ब्रेकची, नारिंगी डाव्या इंडिकेटरची, फिकट निळी उजव्याची. काळी तिथे किल्लीनंतरची चालू लाईन असते, तेव्हा इतर गाड्यांच्या सवयीने तिला अर्थ समजून जोडू नका.

फ्यूज त्याच आकड्याचे दोन तरी घ्या. चपट्या पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा. नवा घातला आणि ब्रेक दाबताच उडाला, तर कुठेतरी वायर सोलून चॅसिसला टेकतेय. हँडल वळतं ती जागा आणि मडगार्डमागची जागा आधी चाचपा. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूज 'चालू' करणारे महाभाग अजून आहेत. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

इंडिकेटरला हौसेने बसवलेला पीं-पीं बझर तपासणीपुरता सोडवा. त्याचे जोड बहुतेक वेळा वायर सोलून नुसते पिळलेले असतात, आणि बिघाड तिथेच सापडला तर नवल नाही. इंडिकेटरला एलईडी बल्ब घालायचे असतील तर फ्लॅशरही एलईडीचा घ्या. जुन्या फ्लॅशरला त्यांचा भार कमी पडतो आणि बल्ब शाबूत असूनही फडफड सुरू होते.

जोडणी झाल्यावर टोकांना जेलीचा हलका हात द्या, काच लावण्याआधी दोन्ही ब्रेक आणि चारही इंडिकेटर इंजिन चालू ठेवून बघा, रबरी गॅस्केट खाचेत बसलंय ना ते बोटाने फिरवून बघा. काचेचे स्क्रू बेतानेच आवळा. प्लास्टिक तडकलं की पाणी थेट होल्डरवर.