नोकरी स्वीकारण्यापूर्वी कंपनीची चौकशी कशी करावी

छत्रपती संभाजीनगरकडच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळत असेल, तर रुजू होण्याआधी तेथील दोन-तीन कामगारांशी बोलावे; मात्र ‘कंपनी कशी आहे?’ असे मोघम विचारू नये, कारण त्यावर ‘बरी आहे’ किंवा ‘काही खरं नाही’ यापलीकडे उत्तर येत नाही. बोलणाऱ्यांत एक जण कायम, एक ठेकेदाराकडचा आणि जमल्यास एक नुकताच नोकरी सोडलेला असावा. एकाच मशीनवर उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या पगारात मोठी तफावत असू शकते. बजाजनगर किंवा रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहणाऱ्या बीड-परभणीकडच्या मुलांत अशी माणसे सहज भेटतात. गेटवर, सुपरवायझरच्या देखत विचारणे व्यर्थ आहे.

पगाराचा आकडा ऐकण्यापेक्षा सॅलरी स्लिप पाहायला मिळाली तर उत्तम. वर्षाला तीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असा हिशेब नवखी मुले करतात. प्रत्यक्षात त्या रकमेत मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) वाटा आणि बहुधा नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय कामगाराच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ, लागू असल्यास ०.७५ टक्के ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि व्यवसाय कर कापूनच पगार खात्यात पडतो. स्लिपवर कपात दिसली म्हणजे ती जमा झाली असे समजू नये. यूएएन या पीएफ खातेदाराच्या क्रमांकावरून पीएफचे पासबुक पाहता येते, म्हणून शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा दिसतो, हे मित्राला पाहायला सांगावे. सहा-सहा महिन्यांची थकबाकी निघाली तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. मागील तीन पगार कोणत्या तारखांना झाले आणि ओव्हरटाइम ‘सिंगल’ मिळतो की ‘डबल’, हेही विचारावे. कारखान्यात कायद्याने तो दुप्पट दराने द्यावा लागतो.

वरिष्ठांची पारख अडचणीच्या वेळी होते. रात्रपाळीत माल रिजेक्ट झाला तेव्हा साहेबांनी आधी कारण शोधले की माणूस, असा नेमका प्रसंग सांगायला लावावा. नोकरी सोडलेला माणूस रागाने बोलतो आणि तुमची शिफारस करणारा भलामण करतो. त्यामुळे मते बाजूला ठेवून दोघांच्या सांगण्यातले जुळणारे प्रसंगच धरावेत.

वातावरणाचा अंदाज माझ्या मते सुट्टीवरून सर्वांत लवकर येतो. सोयाबीनच्या काढणीला किंवा महालक्ष्म्यांना चार दिवस गावी जायचे म्हटले, तर रजा कोण मंजूर करतो, किती दिवस आधी सांगावे लागते, आणि परतल्यावर मुद्दाम अवघड लाइनवर उभे करतात का? महिलांनी रात्रपाळीच्या वाहनाची सोय विचारावी, तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी बंधनकारक असलेली लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती खरोखर आहे का, आणि तिच्या सदस्यांची नावे कामगारांना ठाऊक आहेत का, हेही पाहावे.

शेवटी नियुक्तिपत्र हातात येईल तेव्हा मालक म्हणून कंपनीचे नाव आहे की ठेकेदाराचे, हे प्रथम वाचावे. ‘सहा महिन्यांनी कायम करू’ असे तोंडी सांगितले असेल, तर ते वाक्य त्याच पत्रात लिहून मागावे आणि लिहून देण्यास नकार मिळाल्यास, आपण कंत्राटी म्हणूनच राहणार आहोत असे धरून पगाराचा विचार करावा.